माळवद, पत्रा आणि स्लॅब

लातूरहून औशाच्या रस्त्याने किल्लारीकडे, किंवा नांदेडहून लोहा-कंधार मागे टाकून मुखेडकडे जाणाऱ्या प्रवाशाने, गावातली माणसे आणि शेतातली पिके पाहून झाल्यावर, थोडी सवड काढून घरांच्या माथ्यांकडे पाहिले, तर या मुलखाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्यास एकाच गावात मांडून ठेवलेला आढळेल. मध्यभागी, जेथे एके काळी पाटील-देशमुखांची वस्ती असे, तेथे मातीचे सपाट धाबे असलेले, जाड दगडी भिंतींचे, बहुधा अर्धे ढासळलेले आणि कुलूप घातलेले माळवदाचे वाडे. त्यांच्या सभोवती, पुष्कळदा त्यांच्याच पडक्या भिंतींच्या आधाराने उभी राहिलेली पत्र्याची घरे, ज्यांच्या माथ्यावर वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून धोंडे ठेवलेले असतात. आणि वेशीबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, घरकुलाच्या हप्त्यांवर किंवा सोयाबीनच्या एखाद्या बऱ्या सालावर बांधलेली स्लॅबची घरे, ज्यांच्या कोपऱ्यांतून, पुढेमागे दुसरा मजला चढेल या आशेने सोडलेल्या सळया वर्षानुवर्षे गंजत असतात. या तीन छपरांपैकी पहिले भूकंपाने बदनाम केले, दुसरे दारिद्र्याने आणले आणि तिसरे प्रतिष्ठेने; उन्हाचा विचार मात्र फक्त पहिल्यात झालेला होता.

माळवद हे नाव ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे केवळ एक ओबडधोबड मातीचे छप्पर उभे राहते, त्यांनी ते एकदा खालून वर पाहत समजून घ्यावे. प्रथम लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, अथवा ऐपत नसेल तेथे नुसत्या काटक्या, त्यांवर पालापाचोळ्याचा थर, आणि या सर्वांवर गावठाणातील पांढरी माती, जी शेतातल्या काळीप्रमाणे पाणी पिऊन फुगत नाही, ती दीड-दोन फूट जाडीने चोपून बसविलेली. दर साली मृगाच्या आधी धाब्यावर उगवलेले गवत उपटून, मातीचा नवा थर देऊन, पाणी पन्हळीकडे वाहील असा उतार पुन्हा काढणे हे घरधन्याचे ठरलेले कर्तव्य असे. घराचे माप चौरस फुटांत न सांगता खणांत सांगितले जाई, आणि माजघराच्या मध्यभागी धाब्यात ठेवलेल्या सवण्यातून उजेड आत येई व चुलीचा धूर आणि दिवसभराची उष्ण हवा बाहेर जाई. भिंती अडीच-तीन फूट रुंद, खिडक्या थोड्या आणि लहान, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण. ज्या प्रदेशात वैशाखात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि वारा झळा घेऊन येतो, तेथे दिवसा घर मिटून घ्यावे आणि रात्री उघडावे, हे शास्त्र त्या रचनेत मुरलेले होते.

या शास्त्रास आज आकड्यांची साक्षही देता येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तीत छपरासंबंधी अट अशी आहे की, आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटर छपरातून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता पार होऊ नये. आता हिशेब मांडावा. चार इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब घेतला, तर ही संख्या साडेतीनच्या आसपास जाते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. आणि दीड-दोन फूट कोरड्या मातीचे धाबे घेतले, तर ती मर्यादेच्या आत किंवा अगदी काठावर राहते. दिल्लीत बसून एकविसाव्या शतकात घातलेली अट उदगीर-औशाच्या गवंड्यांनी कोणत्याही संहितेवाचून पाळली होती. शिवाय मातीच्या जाडीमुळे दुपारी वर लागलेली उष्णता खाली उतरेपर्यंत रात्र उलटून जाई, हा लाभ निराळाच. ही संहिता मुळात पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे, हेही येथे नमूद करावयास हवे; म्हणजे ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांच्या अंगणापर्यंत ती येते आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते.

परंतु माळवदाचे गोडवे गाणाऱ्याने त्याचे वजनही सांगितले पाहिजे. दीड-दोन फूट मातीचा भार दर चौरस मीटरला पाऊण ते एक टन पडतो; स्लॅबचा त्याच्या चतुर्थांश ते तृतीयांश. आणि भिंती जाड असल्या तरी एकसंध नव्हत्या: आतून एक दगडी पडदा, बाहेरून दुसरा, मधल्या पोकळीत गोटे आणि माती, आणि दोन्ही पडद्यांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड कोठे असला तर असला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास चार मिनिटे असताना, गणपतींचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले असता, किल्लारीच्या परिसरात जमीन हलली तेव्हा हे पडदे एकमेकांपासून सुटले आणि झोपलेल्यांच्या अंगावर आले. आठ ते दहा हजार माणसे त्या पहाटे गेली. पुष्कळ ठिकाणी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या, ही गोष्ट तज्ज्ञांनी नोंदवून ठेवली; पण ज्याने ढिगारा उपसून आपली माणसे बाहेर काढली, त्याच्या मनात सांगाडा आणि भिंत यांचा असा भेद राहणे शक्य नव्हते. त्याच्या लेखी दगड आणि माती ही दोन्ही गुन्हेगार ठरली.

पुढे जे पुनर्वसन झाले त्याची नुसती टवाळी करणे मला अन्यायाचे वाटते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने हाती घेतलेल्या त्या कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्यांना ४०० आणि त्यावरील खातेदारांना ७५० चौरस फूट, असा घरांचा शिरस्ता ठरला. आणि लातूर-उस्मानाबादसह आसपासच्या जिल्ह्यांतील लाखावर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी मालकांनाच रक्कम व साहित्य देण्याची तजवीज झाली. सरकारपुढे त्या वेळी प्रश्न एकच होता, घर पुन्हा अंगावर पडू नये. आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. उन्हाचा, विजेच्या बिलाचा, पुराचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. म्हणून नव्या गावांची आखणी शहरी वसाहतीप्रमाणे काटकोनात झाली, रस्ते रुंद झाले, घरे एकमेकांपासून दूर सरली. जुन्या गावठाणातील अरुंद बोळात एका भिंतीची सावली दुसरीवर पडत असे, ती नाहीशी झाली. आणि प्रत्येक घर आपापल्या काँक्रीटच्या माथ्याखाली एकटे तापू लागले. अडीचशे फुटांत संसार मावेना तेव्हा पुढे-मागे पत्र्याची शेड काढणे ओघानेच आले.

या सर्व खटाटोपातील जो भाग पुढच्यांनी अभ्यासावा असा होता, तोच बहुधा विसरला गेला आहे. मजबुतीच्या कार्यक्रमात जुनी घरे पाडावयाची नव्हती. धाब्यावरील माती कमी करून वजन उतरवावे, भिंतींतून आरपार बंध घालावेत, दारांच्या माथ्याशी सिमेंट-सळईचा पट्टा फिरवावा, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्यावेत, एवढेच करावयाचे होते. आणि गावोगावी हे समजावून सांगण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. ज्या स्त्रियांना तोवर घराच्या बांधकामात पाणी मारण्यापलीकडे कोणी विचारले नव्हते, त्या सिमेंटचे प्रमाण आणि हप्त्यांचा हिशेब तपासू लागल्या. त्याच संस्थेने पुढे याच जिल्ह्यांतील स्त्रियांना सौरदिवे, सुधारित चुली यांच्या विक्री-दुरुस्तीत तयार केले, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक यंत्रणेने त्या कामाचा गौरव केला. भूकंप आणि ऊर्जा हे दोन विषय सरकारी दफ्तरांत निरनिराळ्या कपाटांत असतात. घर सांभाळणाऱ्या बाईला ते निराळे वाटण्याचे कारण नव्हते.

माझे सांगणे याच वळणाचे आहे. वीज वाचविणे हा एक विषय, आणि ऊन, वादळ, पूर, भूकंप यांपासून घराचे रक्षण हा दुसरा, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे, तिला मराठवाड्यातल्या घरापुरता काहीच अर्थ नाही. आणि दोहोंचा आरंभ जेथून व्हावयास हवा ती जागा म्हणजे छप्पर.

लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे अठरा-एकोणीस अक्षांशांच्या आसपास असल्यामुळे मेच्या मध्यास दुपारी सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सकाळी पूर्वेची आणि सायंकाळी पश्चिमेची भिंत तापते, आणि सबंध दिवस तापते ते छप्पर. एका चौरस मीटरवर माध्यान्ही सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. चारशे चौरस फुटांच्या घरावर पस्तीस किलोवॅटच्या वर. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीबाहेर फेकू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही लढाई यंत्राने जिंकण्यापेक्षा ऊन वरच्या वर परतविणे का शहाणपणाचे, ते निराळे सांगावयास नको. काळवंडलेला स्लॅब आपल्यावर पडणाऱ्या उन्हाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग गिळतो. गंजलेला पत्रा त्याहूनही अधिक. नवा चकचकीत पत्रा प्रकाश बऱ्यापैकी परतवितो, पण एकदा तापला की आपली उष्णता आकाशाकडे सहजासहजी सोडत नाही, म्हणून तोही साठ अंशांच्या वर जातो. उलट ताजा पांढरा चुना पडलेल्या उन्हापैकी सात-आठ दशांश परतवून लावतो आणि उरलेली उष्णताही लवकर सोडतो. ज्या ज्या शहरांत असे प्रयोग मोजून पाहिले गेले, तेथे खोलीतील तापमान दोन ते पाच अंशांनी उतरल्याचे आढळले आहे.

दोन ते पाच अंश ऐकावयास थोडे वाटतात. पण स्लॅबखाली झोपलेल्या माणसाला छळते ती केवळ हवेची उष्णता नव्हे. वरचा तापलेला पृष्ठभाग मध्यरात्र उलटेपर्यंत अंगावर ऊब टाकीत असतो, आणि पंखा छताजवळची तीच तप्त हवा खाली ओढून आणतो. छत थंड झाले म्हणजे हे दोन्ही उपद्रव एकदम कमी होतात आणि त्याच पंख्याचा गुण येऊ लागतो. २०१० च्या मे महिन्यातील प्राणघातक उष्म्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा-कृती आराखडा केला, आणि तेथील वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम पुढे त्याच्याशी जोडले गेले. नांदेडच्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. देगलूर-बिलोलीची सोयरीक ज्या मुलखाशी आहे, तेथे जे सरकारी धोरण झाले ते मांजरा ओलांडून अलीकडे यावयास फार अडचण नसावी.

अर्थात चुना ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नव्हे. पावसाने तो धुऊन जातो, आणि उन्हाळ्यात रस्त्याची व मळणीची धूळ बसून करडा पडतो. म्हणून फाल्गुन-चैत्रात, होळी झाली की, छप्पर झाडून, भेगा बुजवून, चुन्यात चिकटपणासाठी थोडा गोंद घालून दोन हात देणे, हा वार्षिक शिरस्ता करावा लागेल. धाब्यावर दर साली माती टाकणाऱ्यांच्या नातवंडांना हे जड जाऊ नये, असे आपण म्हणतो खरे; परंतु स्लॅबची जी मोहिनी पडली तिचे अर्धे कारण हेच होते की त्याच्याकडे दर साली पाहावे लागत नाही. ज्यांना खर्च झेपतो त्यांनी पांढऱ्या फरश्यांचे तुकडे गच्चीवर बसवावेत. त्याने गळतीही थांबते. मात्र जुन्या, खालून सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा चढविण्यापूर्वी जाणत्या माणसास दाखवावे, कारण किल्लारीने शिकविलेला वजनाचा धडा काँक्रीटलाही लागू आहे, आणि २०२४ च्या मार्चमध्ये व पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीच्या बाजूने जे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, त्यांनी तो ताजाही केला आहे. उष्णता अडविण्याच्या कामी दोन इंच थर्माकोल दोन फूट मातीला भारी पडतो आणि त्याचे वजन जवळजवळ नसतेच. मातीप्रमाणे तो रात्रीचा गारवा साठवून ठेवू शकत नाही, एवढी त्याची उणीव. पत्र्याच्या घरात खालून बांबूची चटई किंवा लाकडी पट्ट्यांचे आच्छादन लावून मध्ये वीतभर पोकळी ठेवली आणि तिच्या दोन्ही टोकांस हवेला वाट ठेवली, तरी पुष्कळ साधते. लातूरकडे पत्र्यावर तुराट्या किंवा उसाचे पाचट आणि नांदेडच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाट्या पसरण्याची जी रीत आहे, ती उन्हाच्या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध. पण विजेची उघडी तार आणि चुलीची ठिणगी यांच्या शेजारी ती धोक्याची, आणि पहिल्या वावटळीबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात जाणारी.

पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कडुनिंबाचे एक झाड, वेलाचा मांडव, नाहीतर शेतातून आणलेले शेडनेट. यांपैकी काहीही भिंतीपासून हातभर दूर असले म्हणजे पुरे. खिडकीला आतून पडदा लावण्याने ऊन काचेच्या आत आल्यावर अडते, म्हणजे उशिरा अडते. ते बाहेर अडवावे. आणि लातूरकरांस नांदेडकरांपेक्षा एक सवलत निसर्गाने अधिक दिली आहे: लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच पठारावर, तर नांदेड गोदाकाठी त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर, म्हणून लातूरची उन्हाळी रात्र खरोखर निवते. तिचा लाभ घ्यावयाचा तर रात्री खिडक्या उघड्या हव्यात, आणि खिडक्या उघड्या राहाव्यात म्हणून गज आणि डासांची जाळी हवी. पाच हजारांच्या कूलरआधी पाचशेची जाळी, असा क्रम मी तरी लावीन.

कूलरचा विषय निघालाच आहे. लग्नाच्या आहेरात भांड्यांच्या उतरंडीची जागा या वस्तूने घेतली त्यास बराच काळ लोटला, आणि कोरड्या वैशाखात तिच्यासारखे काटकसरीचे यंत्र नाही, हेही खरे. दीड-दोनशे वॅटमध्ये ती जे करते त्यासाठी वातानुकूलन यंत्रास दीड हजार लागतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता हवेतून काढून घेतली जाते, त्याचा हा प्रताप. पण ते पाणी आणावयाचे कोठून? २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून निघालेली 'जलदूत' पाण्याची रेल्वे १२ तारखेस पहाटे लातुरात आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. आणि त्याआधीच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागलेला होता. अशा शहरात तासाला काही लिटर पाणी हवेत उडविणारे यंत्र घरोघर चालावे, यातील विसंगती उघड आहे. शिवाय मृगानंतर हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट देतो. छप्पर आधी थंड केलेले असेल तर कूलर कमी तास लावावा लागतो, म्हणजे चुन्याने येथे विजेबरोबर पाणीही वाचते.

तेच छप्पर पाणी देऊही शकते. चारशे चौरस फुटांच्या गच्चीवर लातूरच्या सरासरीने साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारे वगळून वीस हजार लिटर पाणी जमते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकापुरते दिवसाला शंभर लिटर धरले तर ते दोनशे दिवसांचे झाले. दुष्काळी सालातील निम्मा पाऊस धरला, तरी जलदूताच्या पहिल्या खेपेइतके पाणी अशा पन्नास घरांच्या माथ्यावर पडून गेलेले असते. साठवणुकीची टाकी महाग आहे, हा आक्षेप रास्त. पण टँकरच्या दोन उन्हाळ्यांचा हिशेब मांडून मग तो घ्यावा.

विजेच्या बाबतीत सरकारी प्रयत्नांपैकी सर्वांत यशस्वी ठरला तो दिव्यांचा. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेने नऊ वॅटचा एलईडी दिवा गरिबाच्या आवाक्यात आणला, आणि आज खेड्यातही जुना पिवळा दिवा विकत घ्यावयास जावे तर सहजासहजी मिळत नाही. पंख्याचे तसे झाले नाही. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा, ज्यात कायम चुंबकाची मोटार असते, तो तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतो. आमच्याकडे पंखा होळीपासून दिवाळीपर्यंत चालतो. वर्षातील दोनशे चाळीस दिवस, रोज पंधरा तास धरले तर जुन्यास दोनशे सत्तर युनिटे लागतात आणि नव्यास एकशे आठ. दर युनिटास द्यावयाचा दर पायरीपायरीने वाढतो, शंभर युनिटांच्या वर एक पायरी, तीनशेच्या वर दुसरी. त्यामुळे ज्या घरात तीन पंखे बदलले गेले त्याची बचत नुसत्या युनिटांत न राहता वरची पायरी चुकविण्यातही होते. २०२३ च्या जानेवारीपासून पंख्यांवरही ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. दुकानदार रंग दाखवीत असताना ते आपण होऊन पाहावे.

पण हा पंखा मला प्रिय आहे तो बिलासाठी कमी आणि अंधारासाठी अधिक. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण मराठवाड्याने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. पुढे गावठाणाची वीजवाहिनी शेतीच्या वाहिनीपासून विभक्त करण्याची योजना आली, आणि जमाबंदीने शतकांपूर्वी केलेली काळी-पांढरीची वाटणी महावितरणच्या खांबांवरही उमटली. भारनियमन सरले, तरी मृगापूर्वीच्या वादळात खांब पडणे, रोहित्र जळणे आणि ते बदलून मिळेपर्यंत रात्री काढणे हे काही सरलेले नाही. अशा वेळी घरात जो इन्व्हर्टर असतो त्याच्या दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॅट-तास हाती लागतात. तीन जुने पंखे आणि चार दिवे तिच्यावर चार तास चालतील. तीन नवे पंखे आणि तेच चार दिवे साडेआठ तास. बॅटरी तीच, तिचे कर्ज तेच. चार तासांत पहाट होत नाही आणि साडेआठ तासांत होते. घरात पाळण्यातले मूल किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल, तर उष्म्याच्या लाटेतल्या रात्री या फरकास काटकसर हे नाव अपुरे आहे.

पाण्याच्या आणि वाऱ्याच्या आपत्तीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे घरधन्याच्या हाती मुळात थोडेच असते. २०२५ च्या १७-१८ ऑगस्टला मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस एका दिवसात कोसळला. लेंडीच्या खोऱ्यातील हसनाळ, रावणगाव, भासवाडी या गावांत रात्रीच पाणी शिरले, माणसे दगावली, आणि लष्कराच्या तुकडीस पाचारण करावे लागले. पुढच्याच महिन्यात मांजरा, तेरणा आणि गोदावरी यांनी उरलेला हिशेब पुरा केला. अशा पुरापुढे एकट्या घराची मजबुती काय पुरणार? पण कमरेएवढे पाणी आणि घोट्याएवढे पाणी यांतील अंतर पुष्कळदा जोत्याच्या उंचीचे असते. जुनी पांढर गढीच्या उंचवट्यावर असे ती उगीच नव्हे, आणि आज रस्त्याकाठची जागा मिळते म्हणून जो तो नाल्याच्या पात्राजवळ काळ्या मातीत पाया घेतो, ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे देते. विजेचा मीटर आणि बटणांचे फलक छातीच्या वर असावेत, अर्थिंग दर साली तपासावे, धक्का बसताक्षणी वीज तोडणारे छोटे यंत्र मुख्य स्विचाशी बसवावे. ओल्या भिंतीतील वीज पुरानंतरही जीव घेते. पत्र्यावरचे धोंडे तर आजच उतरवावेत. वाऱ्याने पत्रा उचलला की तो धोंडा आत झोपलेल्याच्या डोक्यात पडतो, आणि भूकंपाची वाटही पाहावी लागत नाही. आकड्याचे लांब बोल्ट खालच्या वाशाला पकडून बसविले आणि वासे भिंतीस लोखंडी पट्टीने जखडले, तर धोंड्यांची गरज राहात नाही.

घर पडले म्हणजे तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि ठरलेल्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये मंजूर होतात. तापलेल्या घराचा पंचनामा होत नाही. त्यात आजारी पडलेल्या माणसाचा दाखला डॉक्टरकडे निराळ्याच नावाने लिहिला जातो, आणि बिलात वाढलेली युनिटे महावितरणच्या खाती जमा होतात. नुकसान झाले हे कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

राहता राहिली छपरावरची सौर वीज. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे, आणि लातूर-नांदेडच्या गच्च्यांवर निळी तावदाने दिसू लागली आहेत. त्यांची सावली छपरास थंड ठेवते, हा न मागितलेला लाभ. पण हप्ता भरणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे कोणी सांगितलेले नसते की, महावितरणच्या वाहिनीशी जोडलेले साधे यंत्र वीज गेली की स्वतःही बंद पडते. तसे न केल्यास दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताशी तुमच्या गच्चीवरची वीज जाऊन पोहोचेल. म्हणजे बाहेर टळटळीत ऊन, माथ्यावर तीन किलोवॅटची तावदाने आणि घरात पंखा बंद, हा प्रसंग वादळानंतरच्या दुपारी अवश्य यावयाचा. तो टाळावयाचा तर बॅटरीसह चालणारे हायब्रिड यंत्र घ्यावे लागते, आणि ते महाग पडते. तेव्हा कंत्राटदाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी, वीज गेल्यावर यातले काय काय चालेल, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. आणि तावदाने किती घ्यावयाची हे ठरविण्यापूर्वी छप्पर पांढरे करून, पंखे बदलून, एक उन्हाळ्याचे बिल पाहावे. पुष्कळ घरांना तीनऐवजी दोन किलोवॅट पुरतील.

घरकुलांच्या बाबतीत तर नवी योजना काढण्याचीही जरूर नाही. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि किमान पंचवीस चौरस मीटर, असे त्या घराचे माप आहे. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे सुटतात, आणि प्रत्येक टप्प्याचे स्थळनोंदीसह छायाचित्र पंचायत समितीकडे चढवावे लागते. जोत्याच्या छायाचित्राबरोबर मागल्या पुराच्या खुणेपासून जोत्याची उंची लिहावी, माथ्याच्या छायाचित्रात स्लॅब पांढरा दिसावा आणि पश्चिमेच्या भिंतीशी एक रोप असावे, एवढ्या तीन अटी जिल्हा पातळीवर घालता येण्याजोग्या आहेत. त्यांपैकी पहिलीस शाई लागते, दुसरीस चुन्याच्या दोन-चार गोण्या, आणि तिसरीस बकऱ्यांपासून रोप राखणारे कोणी तरी. अनुभव असा की या तिघांत अवघड हीच तिसरी.